गोलरक्षक : रूढ समज आणि वस्तुस्थिती

फुटबॉलच्या मैदानावर संघातील ज्या एकाच खेळाडूला चेंडू हातांनी धरण्याची मुभा असते, त्याच्याविषयी जितके चुकीचे समज रूढ झालेले आहेत तितके दुसऱ्या कोणाविषयी क्वचितच असतील. आणि हे समज गॅलरीत बसणाऱ्यांपुरतेच मर्यादित राहिले असते तर त्यांची दखल घेण्याचे फारसे प्रयोजन नव्हते, परंतु तेच उराशी बाळगून कोवळी मुले गोलपाशी उभी राहतात, तेच प्रमाण मानून पालक त्यांची वाखाणणी अथवा कानउघाडणी करतात, आणि परिणामी ज्या गोष्टीचा अभ्यास करावयाचा ती बाजूला पडून भलत्याच गोष्टीवर वर्षानुवर्षे घाम गाळला जातो.

या समजांत अग्रस्थान आहे ते ‘जो अधिक झेपा घेतो तो श्रेष्ठ गोलरक्षक’ या समजाचे. गोलची चौकट ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असते. रेषेवर खिळून उभ्या राहिलेल्या कोणाही मनुष्याला तिची दोन्ही टोके राखता येणार नाहीत. परंतु चेंडू बरोबर समोर ११ मीटरांवर असताना गोलरक्षक ३ मीटर पुढे सरकला, तर त्याला राखावयाची रुंदी सुमारे ५.३ मीटर उरते, आणि साडेपाच मीटर सरकला तर ती ३.६६ मीटरांवर, म्हणजे निम्म्यावर येते. पुढे येण्याची किंमतही अर्थात मोजावी लागते, कारण जितके पुढे यावे तितका डोक्यावरून अलगद उचललेल्या चेंडूचा धोका वाढतो. सबब कोठवर यावे, केव्हा थांबावे, आणि चेंडूपासून दोन्ही खांबांकडे जाणाऱ्या रेषांमधला कोन नेमका दुभागला जाईल अशा जागी, फटका बसण्यापूर्वीच, वजन चवड्यांवर घेऊन कसे स्थिर व्हावे, हा या विद्येचा गाभा होय. ज्याला हे साधले त्याच्या छातीवर चेंडू आपण होऊन येतो आणि गॅलरीला वाटते की फटकाच दुबळा होता. ज्याला साधले नाही त्याला त्याच चेंडूसाठी हवेत अंग झोकून द्यावे लागते, आणि टाळ्या पडतात त्या त्याच्या पदरात. होतकरू मुलाने झेपेच्या आधी पावले शिकावीत, पायावर पाय न टाकता छोट्या छोट्या आडव्या पावलांनी सरकण्याची सवय अंगी बाणवावी, असा आग्रह जाणते गोलरक्षक धरतात तो याचसाठी.

७ जून १९७० रोजी मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथे इंग्लंडच्या गॉर्डन बँक्स यांनी ब्राझीलच्या पेले यांचा हेडर अडवला. त्या बचावाची चित्रफीत पाहताना सर्वांचे डोळे अखेरच्या क्षणावर, टप्पा घेऊन उसळलेला चेंडू उजव्या हाताने आडव्या खांबावरून बाहेर काढणाऱ्या त्या हालचालीवर खिळतात. परंतु पेले यांचे सहकारी जाइरझिन्यो यांनी उजव्या बगलेवरून चेंडू उचलला तेव्हा बँक्स जवळच्या खांबापाशी होते, आणि चेंडू हवेत असतानाच त्यांनी दूरच्या खांबाकडे धाव घेण्यास आरंभ केला होता. ती पावले वजा केली तर त्यांचा हात त्या चेंडूपर्यंत कदापि पोहोचता ना.

याच विद्येची दुसरी बाजू फार करुण आहे. १६ जुलै १९५० रोजी रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझीलला विश्वविजेतेपदासाठी उरुग्वेशी बरोबरीही पुरेशी होती. उत्तरार्धात उरुग्वेच्या गिजिया यांनी उजव्या बगलेवरून मुसंडी मारून चेंडू गोलसमोर पाठवला आणि स्कियाफिनो यांनी बरोबरी साधली. ७९ व्या मिनिटाला गिजिया पुन्हा त्याच वाटेने आले, तेव्हा ब्राझीलचे गोलरक्षक मोआसिर बार्बोझा यांनी पुन्हा तसाच पास येणार असे गृहीत धरून किंचित आत पाऊल टाकले, आणि त्यांच्यात व जवळच्या खांबात जी फट राहिली तीतून चेंडू जाळ्यात गेला. सामना १-२ असा हातचा गेला. बचावपटू बिगोडे यांनाही दूषणे मिळाली, पण मुख्य आरोपी ठरले ते बार्बोझा. २००० साली देहावसान होईपर्यंत, तब्बल अर्धशतक, त्या एका पावलाची फिर्याद त्यांच्यावर चालू राहिली. माझे स्पष्ट मत असे आहे की त्या क्षणी जो पुरावा त्यांच्या डोळ्यांपुढे होता त्यावरून त्यांनी दिलेला निवाडा समर्थनीय होता. काही मिनिटांपूर्वीच घडलेल्या गोष्टीवरून पुढचा अंदाज बांधावयाचा, हेच तर आपण प्रत्येक गोलरक्षकाला शिकवतो. तो अंदाज खरा ठरला की त्याला प्रतिभा म्हणावयाचे आणि खोटा ठरला की अपराध, हा न्याय नव्हे.

दुसरा समज पेनल्टीविषयीचा. पेनल्टी हा निव्वळ नशिबाचा प्रकार आहे, असे पुष्कळांचे मत असते. ही शिक्षा खेळात दाखल करण्याची सूचना ज्यांनी मांडली ते आयर्लंडमधील मिलफर्डचे विल्यम मॅक्रम स्वतः गोलरक्षक होते, आणि त्यांची सूचना १८९१ साली मंजूर होऊन अमलात आली. चेंडू ताशी १०० किलोमीटर वेगाने निघाला तर ११ मीटरांचे अंतर तो सुमारे ०.४ सेकंदात कापतो. एवढ्या अवकाशात चेंडूची दिशा पाहून, मग निर्णय घेऊन, मग कोपऱ्यापर्यंत पोहोचणे मनुष्यदेहाला जवळपास अशक्य आहे. म्हणून गोलरक्षक फटका बसण्याच्या आधीचा मजकूर वाचतो: धावण्याचा कोन, टेकवलेल्या पायाचे टोक, कमरेचा कल. त्यातही एक मौज संशोधकांनी नोंदवलेली आहे. इस्रायलमधील अभ्यासकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत वरच्या दर्जाच्या सामन्यांतील २८६ पेनल्ट्या तपासल्या, तेव्हा सुमारे ९४ टक्के वेळा गोलरक्षकाने डावीकडे वा उजवीकडे झेप घेतलेली आढळली, वस्तुतः २८.७ टक्के फटके मधल्या भागात आले होते, आणि जे थोडे गोलरक्षक जागीच राहिले त्यांनी एक-तृतीयांश फटके अडवले होते. जागी उभे राहून गोल खाल्ला तर ‘हा हललाच नाही’ असे लोक म्हणतील, या भयाने मनुष्य उडी घेतो, असा त्या अभ्यासकांचा निष्कर्ष. जागी राहिलेल्यांची संख्या फार अल्प असल्यामुळे त्या आकड्याला सिद्धांताचे स्थान देता येणार नाही, आणि सर्वच गोलरक्षक उभे राहू लागले तर फटके मारणारेही कोपरे धरतील. तथापि प्रेक्षकांच्या ओरडण्याचा अंमल खेळाडूच्या पायांवर किती चालतो, याचा हा दाखला विसरण्याजोगा नाही.

तयारीचे मोल पाहावयाचे असेल तर ३० जून २००६ चा बर्लिनमधील सामना पाहावा. अर्जेंटिनाविरुद्ध पेनल्ट्यांची वेळ आली तेव्हा जर्मनीचे येन्स लेहमान यांच्या मोज्यात हॉटेलच्या कागदाचा एक चिटोरा होता. प्रशिक्षक आंद्रेआस कोप्के यांनी अर्जेंटिनाच्या सात खेळाडूंची नावे आणि प्रत्येकाची लकब त्यावर पेन्सिलीने टिपून दिली होती. प्रत्यक्ष फटके मारण्यास आलेल्या चौघांपैकी दोघांचीच नावे त्यात होती. आयाला यांचे होते, आणि त्यांचा फटका अडवला गेला. काम्बियासो यांचे नव्हते; तरीही लेहमान यांनी तो कागद काढून सावकाश वाचला, परत मोज्यात ठेवला, आणि तोही फटका अडवला. तो चिटोरा पुढे लोकोपयोगी कार्यासाठी दहा लाख युरोंना विकला गेला. मुलांनी त्यातून घ्यावयाचे ते एवढेच, की प्रतिपक्षाच्या खेळाडूंची टिपणे ठेवण्याला वय लागत नाही; शाळेच्या वहीतही ती ठेवता येतात.

नियमांविषयीचे काही भ्रम थोडक्यात निस्तरता येतील. सहकाऱ्याने मागे दिलेला प्रत्येक चेंडू हातात घेणे निषिद्ध आहे असे समजून प्रेक्षक पंचांवर तुटून पडतात. १९९२ सालच्या दुरुस्तीने निषेध केला तो सहकाऱ्याने हेतुपुरस्सर पायाने मारलेल्या चेंडूचा, आणि पुढे त्यात थ्रो-इनची भर पडली, पण डोक्याने वा छातीने दिलेला चेंडू खुशाल धरता येतो. गोलजवळच्या लहान चौकोनात गोलरक्षकाला धक्काही लागता कामा नये, हेही खरे नाही. संरक्षण आहे ते चेंडू त्याच्या हातांत ताब्यात असतानाचे. ऑफसाइड मोजताना गोलरक्षक हमखास धरावाच लागतो असेही नाही. कायदा शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याचा विचार करतो, मग गोलरक्षक कोठेही असो. पेनल्टीच्या वेळी फटका बसतो त्या क्षणी एका पायाचा काही भाग तरी रेषेवर, रेषेच्या सरळीत किंवा तिच्या मागे असला पाहिजे. आणि २०२५-२६ च्या हंगामापासून हातांत चेंडू आठ सेकंदांहून अधिक काळ रोखून धरला तर प्रतिपक्षाला कॉर्नर बहाल होतो. शेवटचे पाच सेकंद पंच हात उंचावून मोजून दाखवतात, हे लहान गोलरक्षकांनी आतापासूनच ध्यानी ठेवलेले बरे.

यापेक्षा खोलवर रुजलेला समज आपल्या गल्लीबोळांत सापडतो: ज्याला धावता येत नाही, जो सर्वांत कच्चा, त्याला गोलमध्ये उभे करावे. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. १९५८ साली आशियातील सर्वोत्कृष्ट गोलरक्षक म्हणून गौरवले गेलेले भारताचे पीटर थंगराज लष्करी संघात प्रथम सेंटर-फॉरवर्ड म्हणून खेळत. इटलीचे बुफॉन लहानपणी मधल्या फळीत खेळत आणि १९९० च्या विश्वचषकात कॅमेरूनच्या एन्कोनो यांचा खेळ पाहून गोलकडे वळले. पायांना चेंडूची ओळख असणे ही १९९२ पासून तर गोलरक्षकाची रोजची निकड झाली आहे. म्हणून दहा-अकरा वर्षांच्या मुलाला एकाच जागी जखडून न ठेवता मैदानभर खेळू द्यावे. उंचीची गोष्टही तशीच. उंची उपकारक आहे यात शंका नाही, आपले गुरप्रीतसिंग संधू सहा फुटांहून बरेच उंच आहेत. परंतु मेक्सिकोचे होर्हे काम्पोस जेमतेम १.७० मीटर उंचीनिशी दोन विश्वचषकांत आपल्या देशाचे गोल राखून गेले. बारा वर्षांच्या मुलाची उंची पाहून त्याचे नाव यादीतून खोडणाऱ्या निवडकर्त्याला हा दाखला दाखवावा.

गोलरक्षक हा एकांतात उभा असणारा अबोल खेळाडू, ही कल्पना कवींना प्रिय असेल, पण मैदानावर ती टिकत नाही. संपूर्ण खेळ ज्याच्या समोर उलगडलेला असतो असा तोच एक, म्हणून बचावफळीचा बंदोबस्त त्याच्या आवाजावर चालतो. सोव्हिएत संघाचे लेव्ह याशिन, ज्यांना १९६३ साली बॅलन डी’ऑर मिळाला आणि ज्यांच्यानंतर आजवर तो दुसऱ्या कोणाही गोलरक्षकाला लाभलेला नाही, ते सहकाऱ्यांना सतत सूचना देत. चाळिसाव्या वर्षी इटलीचे गोलरक्षक डिनो झोफ यांनी १९८२ चा विश्वचषक कर्णधार म्हणून स्वीकारला, आणि गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर यांनी गोलमध्ये उभे राहूनच भारताचे कर्णधारपद सांभाळले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा गोमंतकाला झालेला आनंद यथार्थ होता. ‘सोड’, ‘माझा’, ‘मागे माणूस आहे’ हे शब्द मोठ्याने, वेळेवर आणि रागावल्याशिवाय उच्चारणे हाही सरावाचाच भाग आहे.

आता ‘दुखापत सोसून खेळत राहणे म्हणजेच धैर्य’ या समजाविषयी, कारण त्यापायी मुलांची हाडे मोडतात. १९५६ च्या एफ. ए. कप अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचे बर्ट ट्राउटमान यांच्या मानेला जबर दुखापत झाली असता ते शेवटपर्यंत खेळले, आणि काही दिवसांनी क्ष-किरण तपासणीत मानेचा मणका मोडल्याचे निष्पन्न झाले. ही कथा शौर्याची म्हणून मुलांना सांगतात. तिचा उरलेला तपशीलही सांगितला पाहिजे: बदली खेळाडू घेण्याची सोय त्या काळी नव्हती, आणि निसटलेला एक मणका दुसऱ्यात अडकून बसला म्हणूनच त्यांचा जीव वाचला. २००६ च्या ऑक्टोबरात चेल्सीचे पेत्र चेक यांच्या कवटीला खोक पडून शस्त्रक्रिया करावी लागली. जानेवारीत ते परतले ते डोक्याला संरक्षक टोपी बांधून, आणि निवृत्तीपर्यंत त्यांनी ती उतरवली नाही. त्यांना भित्रा म्हणण्याची कोणाची प्राज्ञा झाली नाही. ज्या मुलाच्या डोक्याला मार बसून त्याला भोवळ, ओकारी किंवा विस्मरण होते, त्याला त्याच क्षणी मैदानाबाहेर काढून डॉक्टरकडे न्यावे; सामना कोणताही असो. पडण्याचीही एक रीत आहे: पोटावर वा कोपरावर न आपटता मांडी, कुशी आणि खांदा या क्रमाने जमिनीला टेकावे, आणि चेंडू धरताना दोन्ही अंगठे परस्परांजवळ आणून पसरलेली बोटे त्याच्या मागे न्यावीत. महागड्या हातमोज्यांनी ही रीत येत नाही.

राहिला प्रश्न चुकीनंतरच्या वागणुकीचा. आघाडीवीराने चार संधी दवडल्या तरी पाचव्या गोलने त्या पुसल्या जातात, गोलरक्षकाची एकच चूक मात्र फलकावर कायमची नोंदली जाते, आणि म्हणून एका चुकीवर त्याची लायकी ठरवण्याचा शिरस्ता पडला आहे. २००२ च्या विश्वचषकात अंतिम सामन्यापर्यंत जर्मनीने केवळ एक गोल खाल्ला होता, आणि ऑलिव्हर कान हे स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरले, जो मान विश्वचषकात दुसऱ्या कोणाही गोलरक्षकाला मिळालेला नाही. त्याच कान यांच्या हातून योकोहामात रिवाल्डो यांचा फटका निसटला आणि रोनाल्डो यांनी तो गोलमध्ये धाडला. चार वर्षांनी मायदेशातील स्पर्धेत त्यांची जागा लेहमान यांना देण्यात आली. दोघांमधील चुरस जगजाहीर होती. तरीही बर्लिनमध्ये पेनल्ट्या सुरू होण्यापूर्वी राखीव खेळाडूंच्या बाकावरून उठून, लेहमान यांच्याजवळ जाऊन, त्यांचा हात हातांत घेऊन चार शब्द बोलणारा मनुष्य कानच होता. राखीव गोलरक्षक हे काही रिकामे पद नाही. पहिल्या गोलरक्षकाचा सराव घेणे, त्याला धीर देणे, आणि कोणत्याही क्षणी त्याच्या जागी उतरण्यास सिद्ध असणे ही त्याची नेमून दिलेली कामगिरी असते. त्याच स्पर्धेत ८ जुलै रोजी श्टुटगार्टला तिसऱ्या क्रमांकासाठी पोर्तुगालशी झालेल्या सामन्यात जर्मनीचे गोल राखण्यास कान उतरले, संघाचे नेतृत्वही त्यांच्याचकडे होते, आणि जर्मनीने तो सामना ३-१ असा जिंकला.