तीन सेंटिमीटर कापलेली टेप

‘असर’ या शैक्षणिक पाहणीचा अहवाल २०२४च्या जानेवारीत आला तेव्हा त्यातल्या एका आकड्यापाशी मी अडकले. चौदा ते अठरा वयाच्या ग्रामीण मुलामुलींची ती पाहणी. वस्तू पट्टीवरच्या शून्यापासून ठेवली असेल, तर जवळपास ८५ टक्के मुलांना तिची लांबी सांगता येते. शून्यापासून न ठेवता थोडी पुढे ठेवली की हेच प्रमाण ३९ टक्क्यांवर येतं. म्हणजे उरलेल्यांना वाचता येतो तो पट्टीवरचा शेवटचा आकडा. मोजणं त्यांच्या हाती आलेलंच नाही.

हा आकडा मी ऐरोलीतल्या ओळखीच्या एका गणिताच्या बाईंना सांगितला. त्यांना तो तोंडपाठ होता. “शनिवारी दुपारी या, आम्ही त्या ३९साठीच टेप कापलीय,” म्हणाल्या.

बाईंचं घर तळमजल्यावर आहे. ओहोटीच्या वेळी खिडकीतून खाडीचा वास येतो. शनिवारी शाळा सुटली की वेगवेगळ्या शाळांमधले गणिताचे चार-पाच शिक्षक तिथे जमतात आणि मुलांसाठी ‘टास्क’ तयार करतात. टास्क म्हणजे पुस्तकातलं उदाहरण वहीत सोडवायचं नाही, गणित वापरून खरं काहीतरी करून दाखवायचं. टेबलावर शिंप्याकडे असते तशी पिवळी टेप होती. तिचं पितळी टोक कात्रीने उडवलेलं, त्यामुळे ती सुरूच होत होती तीनपासून. अशा आठ टेपा बाईंनी स्वतः कापल्या होत्या. एका गटाला एक. मुलांना काही सांगायचं नाही, नुसती हातात द्यायची.

त्या दिवशीचा विषय होता शाळेच्या दारातल्या तीन पायऱ्या. तिथे व्हीलचेअरसाठी उतार करायचा असेल, तर तो कसा करावा? यात सातवीचं समप्रमाण येतं, मोजमाप येतं, प्रमाण घेऊन आराखडा काढणं येतं. एका सरांनी कच्चा मसुदा लिहून आणला होता: शाळेच्या जोत्याची उंची ४५ सेंटिमीटर आहे, उताराचं प्रमाण १:१२ ठेवायचं आहे, तर उताराची लांबी किती?

बाईंनी तो मोठ्याने वाचला आणि लाल पेनाने ४५ खोडले.

“मग मुलं करणार काय?” सरांनी विचारलं.

“मोजतील की. ४५ आपणच दिले तर उरला फक्त गुणाकार. बारा पंचेचाळीस पाचशे चाळीस. तो त्यांना चौथीपासून येतो.”

ती सगळी दुपार खोडण्यात गेली आणि मला ती फार आवडली. मसुद्याच्या सुरुवातीला ‘तुम्ही एक वास्तुविशारद आहात आणि मुख्याध्यापकांनी तुम्हाला बोलावलं आहे’ असं एक वाक्य होतं. ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांच्या मांडणीतून हा साचा आपल्याकडच्या प्रशिक्षणांत आलेला आहे. मुलाला एक भूमिका द्यायची, एक परिस्थिती द्यायची, काम कोणासाठी करायचं ते सांगायचं. बाईंनी वास्तुविशारदही खोडला. सातवीतलं मूल सातवीतलंच राहू द्या, पायऱ्या त्याच्याच शाळेच्या आहेत, त्याला सोंग कशाला हवं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. ‘खऱ्या जीवनाशी जोडलेलं गणित’ म्हणून जे छापून येतं, त्यात पुष्कळदा जीवन नुसतं वरून पांघरलेलं असतं. कलिंगडं काढून विटा घातल्या तरी उत्तर तेच राहतं, मग मुलाने कलिंगडांचा विचार का करावा?

दिवेलागणीपर्यंत दोनच वाक्यं उरली. ‘आपल्या शाळेच्या दाराशी व्हीलचेअर चढेल असा उतार करायचा आहे. तो कुठे आणि कसा करता येईल, ते मोजून आणि आराखडा काढून सांगा.’ सोबत नियमांचं एक कार्ड. एक सेंटिमीटर चढायला किमान बारा सेंटिमीटर लांबी, रुंदी किमान १.२ मीटर, वळायचं असेल तिथे दीड मीटर लांबरुंद सपाट जागा. ही मापं सरकारी मार्गदर्शक तत्त्वांवर बेतलेली. मुलांना ती शोधून सापडणार नाहीत, म्हणून तेवढी द्यायची. बाकी काही द्यायचं नाही.

खरी गोम पुढे होती, आणि तीही टेबलावरच तपासून घेतली गेली. उतार ५४० सेंटिमीटर हवा, पण दारापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत जागा जेमतेम चार मीटर. सरळ उतार मावत नाही. मधोमध वळवला, तर २७० आणि वळणाचे १५० मिळून ४२० होतात, म्हणजे वीस सेंटिमीटर कमी पडतात. व्हरांड्याला समांतर नेला तर मावतो, पण वाटेत पिण्याच्या पाण्याचे नळ येतात. बाईंना हेच हवं होतं. जागा पुरली असती तर मुलांनी गुणाकार करून पेन खाली ठेवलं असतं.

सगळ्या टास्क अशा टिकत नाहीत. खाडीतल्या रोहित पक्ष्यांचा थवा फोटोवरून चौकटी आखून अंदाजाने मोजायचा, ही टास्क सगळ्यांची लाडकी. पण रोहित पावसाळ्यात नसतात आणि जूनमधला वर्ग त्यांची वाट पाहत थांबू शकत नाही. एक टास्क ठाणे ते ऐरोली लोकलच्या वेळेवर होती. जानेवारी २०२४मध्ये वाटेत दिघा गाव स्थानक सुरू झालं आणि सगळे आकडे बदलायला लागले. खरं जग घ्यायचं तर ते असं हलणारच. गच्चीवरच्या पावसाची मात्र अजून चालू आहे, कारण एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे कुठल्याही वर्षी बदलत नाही.

उताराची टास्क सातवीच्या एका वर्गात घेतली, तेव्हा मी व्हरांड्यात उभी होते. गट पडले, टेपा वाटल्या गेल्या, कोण धरणार यावरून थोडी ओढाताण झाली. एका गटाने जमिनीपासून जोत्यापर्यंत एकदम मोजलं आणि ४८ लिहिलं. दुसऱ्या गटाने एकेक पायरी मोजली: १९, १८, १७. बेरीज ५४. खऱ्या पायऱ्या १६, १५ आणि १४च्या होत्या. पुस्तकातल्या पायऱ्या सारख्या असतात, गवंड्याने बांधलेल्या नसतात. प्रत्येक पायरीला कापलेले तीन सेंटिमीटर चिकटले होते. पहिल्या गटाचा उतार ५७६ झाला, दुसऱ्याचा ६४८. टेपेच्या टोकाला झालेली तीन सेंटिमीटरची चूक एकीकडे ३६ सेंटिमीटर झाली आणि दुसरीकडे चक्क १०८. बाई खांबाला टेकून बघत होत्या. त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. मला मात्र राहवत नव्हतं.

दुसऱ्या गटातली एक मुलगी कंपासमधली पट्टी घेऊन खालच्या पायरीशी बसली. पट्टी पंधराची. ती पायरीला लावली तर बोटभरही कमी पडेना. “बाई, पट्टी जवळजवळ पुरतेय,” ती म्हणाली, “मग एकोणीस कसे?” बाई म्हणाल्या, “तूच सांग.” तिने टेप उलटीसुलटी केली, टोक डोळ्यांजवळ नेलं आणि मग गटातल्या मुलाच्या हातातून वही ओढून तिन्ही आकडे खोडले. त्या दिवसाबद्दल कोणी विचारलं की मला दुसरं काही आठवतच नाही, ती पायरीशी बसलेली मुलगी आणि तिचं ‘मग एकोणीस कसे?’ एवढंच आठवतं. तिला आपल्या उत्तरावर संशय आला, आणि तो बाईंच्या लाल पेनामुळे आलेला नव्हता. ८५ आणि ३९ यांच्यामध्ये जे हरवलंय, ते हे असावं.

ते फक्त आपल्याकडेच हरवलंय असंही नाही. अमेरिकेतल्या १९८३च्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: एका बसमध्ये ३६ सैनिक मावतात, ११२८ सैनिकांना किती बस लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. बत्तीस बस हे उत्तर दिलं फक्त २३ टक्क्यांनी. बऱ्याच जणांनी ‘३१, बाकी १२’ असं लिहून सोडलं. ते बारा सैनिक रस्त्यावर राहिले हे त्यांच्या लक्षात आलं नाही. आपल्याकडे याच्या उलट बाजूही दिसते. खाडीपलीकडे मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथल्या अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी धारावीत कामधंद्याला हात लावणाऱ्या मुलांचं गणित अभ्यासलं. २०२५मध्ये ‘नेचर’मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात माल विकणारी मुलं गुंतागुंतीचे हिशेब तोंडी करतात, पण तेच कागदावर पुस्तकी रूपात दिले की अडतात. नुसत्या शाळेत जाणाऱ्या मुलांचं नेमकं उलटं होतं. दोन्हीकडे गणित आहे. मध्ये पूल बांधायचं काम उरतं, आणि ते शेवटी अशा शनिवारच्या टेबलावर येऊन पडतं.

मसुदा आणणाऱ्या सरांचा आक्षेप मात्र खरा आहे. त्यांच्या वर्गात पन्नासच्या वर मुलं, तासिका पस्तीस मिनिटांची. या एका टास्कला चार तासिका लागल्या. तेवढ्यात पुस्तकातले दोन सरावसंच झाले असते आणि पालकांनी वही उघडली तर त्यांना काहीतरी दिसलं असतं. नव्या शैक्षणिक धोरणात क्षमताधारित मूल्यमापन छान लिहिलंय, पण त्यासाठी लागणारा वेळ वेळापत्रकात कोणी लिहिलेला नाही. या शनिवारच्या दुपारचे पैसेही कोणाला मिळत नाहीत. तरी सर येतात आणि मसुदाही तेच आणतात. अशी माणसं स्वखुशीने हे करतात यावर व्यवस्थेने विसंबून राहावं, हे मला बरोबर वाटत नाही.

टास्क झाल्यानंतरचा शनिवार गुणांवर गेला. रुब्रिक, म्हणजे गुण देण्याचा तक्ता, तयार करायचं होतं: मोजमाप, प्रमाणाचा वापर, आराखडा, कारण. प्रत्येकाला चार पायऱ्या. पहिला वाद ४८वाल्या गटासारख्यांचा. टेप न तपासता ज्यांनी पुढचं सगळं नीट केलं, त्यांचे किती गुण कापायचे? ठरलं की मोजमापात एकदाच कापायचे, पुढे त्याच चुकीची शिक्षा पुन्हा नाही. ५७६चा आराखडा नीट काढला असेल तर आराखड्याचे पूर्ण गुण.

दुसरा वाद लांबला. एका गटाने आराखडा काढलाच नव्हता. त्यांनी लिहिलं होतं, ‘सरळ उतार मावत नाही, वळवून २० सेमी कमी पडतात, म्हणून करता येणार नाही.’ सरांचं मत, काम अपूर्ण, दहापैकी चार. बाईंचं मत, हे गणित वर्गात सगळ्यांत चोख आहे, त्यांनी ४५ बरोबर मोजले, दोन्ही पर्याय तपासले, मग कमी का द्यायचे? निवृत्त झालेल्या एका बाई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, व्हीलचेअरवरच्या मुलाला ‘मावत नाही’ हे उत्तर पुरेल का? त्यावर कोणालाच चटकन बोलता आलं नाही. शेवटी असं ठरलं की ‘मावत नाही’ला गणिताचे पूर्ण गुण द्यायचे, पण रुब्रिकमध्ये पाचवी ओळ वाढवायची: मग दुसरीकडे कुठे? आणि त्या गटाला वही परत देऊन व्हरांड्याच्या बाजूने मोजायला पाठवायचं. नळ हलवायला किती खर्च येईल हे प्लंबरला विचारून यायचं काम सरांनी स्वतःकडे घेतलं, कारण पुढचा प्रश्न मुलं तोच विचारणार होती.