बालरोगतज्ज्ञ वस्तीत जातो तेव्हा

अतिसाराचे मूल रुग्णालयात बरे होते आणि घरी पुन्हा तेच पाणी पिते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील दिघ्यासारख्या कामगारवस्तीत अशा मुलाची बाजू मांडण्यास भावी बालरोगतज्ज्ञाने कोठे शिकावे? २०२१ च्या तुकडीपासून पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काम करणे अनिवार्य झाले. निव्वळ हजेरीपटाने मात्र हेतू साधणार नाही. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी उभारणाऱ्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ मध्ये ‘स्नेहा’ संस्था स्थापन केली, कारण नवजात बालकांच्या आजारांची मुळे वस्तीत होती. प्रशिक्षणार्थींनी अंगणवाडीत बालकांची वजने पाहावीत, पाण्याची तपासणी करवून घ्यावी आणि निष्कर्ष प्रभाग समितीत वा ग्रामसभेत सोप्या मराठीत मांडावेत. त्याचे निमंत्रण मात्र सदस्यांनी व मुख्याध्यापकांनीच धाडावयास हवे.