कडीचा डबा

संध्याकाळचे साडेसात. भडगावच्या बसस्थानकाजवळच्या एका खानावळीत मी पार्सलच्या रांगेत उभा आहे. आत कढईत शेवभाजीचा रस्सा रटरटतो आहे, काळ्या मसाल्याचा वास थेट रस्त्यापर्यंत येतो आहे. माझ्यापुढे सहा जण आहेत. पाच जणांचे हात रिकामे आहेत.

टेबलामागचा पोरगा प्लास्टिकची पातळ पन्नी फुंकर मारून उघडतो, तीत उकळता रस्सा ओततो, तोंडाला पीळ देतो आणि दोऱ्याचे वेढे मारतो. शेव दुसऱ्या पन्नीत, कारण ती आधीच रश्शात पडली तर घरी पोचेपर्यंत तिचा लगदा होतो. कांदा-लिंबू तिसऱ्या पन्नीत. पोळ्या कागदात, आणि सगळं मिळून चौथ्या पन्नीत. एका घराच्या एका जेवणाला चार पन्न्या. पाच घरांच्या वीस झाल्या.

आत बसलेली मंडळी स्टीलच्या ताटात जेवताहेत. थर्माकोलची ताटली किंवा प्लास्टिकचा चमचा कुठे दिसत नाही. 1 जुलै 2022 पासून देशभर त्यांच्यावर बंदी आहे आणि ती इथवर पोचली आहे. पन्नीचं काय, असं मी मालकांना विचारतो.

"कॅरीबॅग आम्ही कधीच बंद केली, दादा. हिला हँडल कुठे आहे?" ते मनापासून सांगतात. पण 23 मार्च 2018 च्या राज्याच्या अधिसूचनेत हँडलची आणि बिनहँडलची, दोन्ही पिशव्यांवर बंदी आहे. दंड पहिल्यांदा 5,000 रुपये, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. मी हे सांगतो तेव्हा ते रांगेकडे हात करतात. "गिऱ्हाईक हात हलवत येतं. नाही म्हटलं तर शेजारी जातं. एकट्यानं बंद करून कसं भागेल?"

त्यांचं म्हणणं खोटं नाही.

सहावे गृहस्थ पुढे होतात. धोतर, टोपी, हातात कडीचा पितळी डबा. "डबामा दे रे भो. गरम रस्सा पन्नीमा कोन लई जास?" पोरगा हसतो, डबा भरतो, झाकण दाबतो. पीळ नाही, दोरा नाही. शेव ते उपरण्याच्या टोकाला बांधून घेतात. रांगेत सगळ्यांत लवकर त्यांचंच काम होतं.

बाहेर गटारात कालच्या पन्न्या अडकल्या आहेत, आतून अजून तेलकट लाल. असल्या पन्नीला भंगारवालाही हात लावत नाही. पावसाळ्यात त्या गिरणा नदीत जातील, गिरणेतून तापीत, तापीतून खंभातच्या आखातात.

माझा नंबर येतो. माझेही हात रिकामे आहेत. "दहा मिनिटांत डबा घेऊन येतो," म्हणून मी रांगेतून बाहेर पडतो.

वाटेत एकच विचार मनात आहे. दंडाचा कायदा हवाच, आणि तो पन्नी बनवणाऱ्या कारखान्यापासून लागू व्हायला हवा. त्यात आणखी एक कलम यावं: डबा आणणाऱ्याला प्रत्येक खानावळीने पार्सल थोडं स्वस्त द्यावं. सगळ्यांना एकच नियम असला की शेजारी जाणारं गिऱ्हाईकही डबाच घेऊन जाईल. ते कलम येईल तेव्हा येवो. आज शेवभाजी आणायला निघताना घरातला डबा तेवढा हातात घ्या.