चंद्राचा उडालेला टवका

रांजणाला ठोकर बसली की टवका उडतो. तो कितीही दूर जाऊन पडो, रंगावरून आणि पोतावरून तो कुठल्या भांड्याचा ते कळते. कामोआलेवा नावाच्या लघुग्रहाकडे पाहून खगोलशास्त्रज्ञांना तसेच वाटते आहे: हा चंद्राचा टवका असावा.

२७ एप्रिल २०१६ रोजी हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीला तो सापडला. आकार जेमतेम ४० ते १०० मीटर. फिरतो सूर्याभोवतीच, पण साधारण पृथ्वीइतक्याच काळात. म्हणून पृथ्वीवरून पाहिले तर तो आपल्यालाच प्रदक्षिणा घालतोय असे वाटते. वर्षातून काही आठवडे, एप्रिलच्या सुमारास, तो मोठ्या दुर्बिणींना दिसण्याइतका उजळतो. तेवढ्या संधीत टिपलेला त्याचा वर्णपट अपोलो मोहिमांनी आणलेल्या चंद्रखडकांशी जुळला. हा अभ्यास २०२१ मधला. २०२४ मध्ये एका गटाने तर तो जिथून उडाला त्या विवराचेही नाव घेतले: चंद्राच्या पलीकडच्या अंगाचे, २२ किलोमीटर रुंदीचे जोर्दानो ब्रुनो. मला हे अनुमान पटते. पण वर्णपट म्हणजे शेवटी दुरून पाहिलेला रंग. खात्रीसाठी दगडच हाती यायला हवा.

त्यासाठी चीनचे तियानवेन-२ हे यान २९ मे २०२५ रोजी शिचांगहून निघाले. ‘आकाशाला प्रश्न’ असा या नावाचा अर्थ. २०२६ च्या जुलैत ते कामोआलेवापाशी पोहोचावे, असे नियोजन आहे.

खरी परीक्षा तिथे आहे. हा दगड २८ मिनिटांत स्वतःभोवती एक गिरकी घेतो आणि त्याचे गुरुत्व इतके क्षीण की विषुववृत्तावर ठेवलेला खडा भिरकावला जाईल. अशा जागी यानाने उतरायचे कसे? बेन्नू या सुमारे ५०० मीटरच्या लघुग्रहावरही अमेरिकी यानाचा हात २०२० मध्ये भुसभुशीत खड्यांत खोल रुतला होता. नमुन्याच्या पेटीच्या झाकणात खडे अडकले आणि जमवलेली माती अवकाशात सांडू लागली. तरी २०२३ मध्ये १२१.६ ग्रॅम माती घरी आली. तियानवेनकडे म्हणून एकाहून अधिक पद्धती आहेत: अधांतरी तरंगत नमुना घेणे, क्षणभर टेकून उडणे आणि पृष्ठभागाला धरून राहणे.

नमुन्याची कुपी २०२७ च्या नोव्हेंबरात पृथ्वीवर उतरायची आहे. यान मात्र थांबणार नाही. पृथ्वीच्या ओढीचा फायदा घेऊन ते ३११पी या धूमकेतूकडे वळेल. हे शेंडेनक्षत्र विलक्षण आहे. राहते लघुग्रहांच्या पट्ट्यात, पण २०१३ मध्ये हबल दुर्बिणीने त्याला चक्क सहा शेपट्या पाहिल्या! बर्फ उडाल्याने त्या फुटल्या की गरगर फिरण्याने धूळ सुटून, हे जवळ गेल्यावरच ठरेल.

यान तिथे पोहोचेल तेव्हा २०३५ उजाडलेले असेल. आज दहावीत असलेली मुले तेव्हा पंचविशीत असतील. घरात असे कोणी असेल, तर तियानवेन-२ हे नाव त्याच्या कानावर आजच घाला.