साइटमॅप: उद्देश व मर्यादा

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यातील सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्याविषयीचे एखादे पान संकेतस्थळावर असले, परंतु अन्य कोणत्याही पानावर त्याचा दुवा नसला, तर दुव्यांवरून मार्गक्रमण करणाऱ्या शोधयंत्रास ते सहसा सापडत नाही. परिणामी नागरिकही माहितीस मुकतो. ही उणीव साइटमॅप भरून काढतो. पानांचे पत्ते व अद्ययावत केल्याच्या तारखा नोंदविणारी ही एक्सएमएल फाइल गूगलने २००५ मध्ये प्रचारात आणली. २००६ मध्ये याहू व मायक्रोसॉफ्टनेही तिचा स्वीकार केला. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते देता येतात. साइटमॅपमुळे शोधात अग्रक्रम मिळण्याची हमी मात्र नसते. पानाचे अस्तित्व कळविणे एवढेच त्याचे कार्य होय. म्हणून नवे पान जोडताच त्यात नोंद करणे अगत्याचे ठरते.