तृतीयपंथीयांची ओळख : कोणत्या पक्षाने काय केलं?

केदारखेड्यात काय किंवा जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातल्या दुसऱ्या गावात काय, ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढली जात नाही. पॅनल उभं राहतं. त्यामुळे तृतीयपंथीयांच्या हक्कांवर पक्षांची भूमिका काय, हा प्रश्न गावातल्या प्रचारात येत नाही. मग ऐकीव गोष्टीच खऱ्या वाटू लागतात.

त्यातली पहिली म्हणजे, आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क अमुक सरकारने दिला. तो कोणत्याच सरकारने दिलेला नाही. १५ एप्रिल २०१४ रोजी ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही, हेही सांगितलं. पक्षांचं काम त्यानंतर सुरू झालं.

‘एक पक्ष बाजूने, दुसरा विरोधात’ ही समजूतही टिकत नाही. २०१५ मध्ये द्रमुकचे तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं खासगी विधेयक राज्यसभेत एकमताने संमत झालं. केंद्रात तेव्हा भाजपचं सरकार होतं. पुढच्याच वर्षी सरकारने स्वतःचं विधेयक आणलं. त्यात ओळख पारखायला जिल्हा छाननी समिती होती, आणि तृतीयपंथी समाजाचा खरा संताप या समितीवर होता. काँग्रेसने २०१९ च्या जाहीरनाम्यात ते विधेयक मागे घेऊ, असं म्हटलं. सरकारने नव्या मसुद्यातून समिती काढली, पण जिल्हाधिकाऱ्याचं प्रमाणपत्र ठेवलं. ५ ऑगस्ट २०१९ रोजी लोकसभेने ते आवाजी मतदानाने मंजूर केलं. कोणत्या खासदाराने काय मत दिलं याची नोंदच त्यामुळे राहिली नाही. पक्षांची ही जुनी सोय! राज्यसभेत मात्र ते विधेयक प्रवर समितीकडे पाठवा, या शिवांच्या मागणीवर मतं मोजली गेली: बाजूने ५५, विरोधात ७४. मागणी पडली आणि विधेयकाचा कायदा झाला.

‘हे सगळं परदेशी खूळ’ म्हणणाऱ्यांनी ब्रिटनकडेही पाहावं; परदेशातही ते सहज स्वीकारलं गेलेलं नाही. तिथे ओळखीची प्रक्रिया सोपी करण्याची घोषणा हुजूर पक्षाच्या थेरेसा मे यांनी केली, आणि २०२० मध्ये ती त्यांच्याच पक्षाच्या सरकारने गुंडाळली.

‘नुसतं तोंडाने सांगितलं की झाली बाई’ हेही खरं नव्हे. २०१९ च्या मूळ कायद्यात तृतीयपंथी म्हणून प्रमाणपत्र हवं तर प्रतिज्ञापत्रासह जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज होता. जालना जिल्ह्यातल्या माणसाचा अर्ज जालन्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. कागदावर ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ हवं असेल तर शस्त्रक्रियेनंतर वैद्यकीय दाखला देऊन पुन्हा अर्ज. ‘नालसा’ निकालापासून कायदा इथेच मागे सरला, असं माझं मत आहे.

गावाच्या सर्वांत जवळची समजूत म्हणजे, महिला राखीव जागेवर तृतीयपंथी स्त्रीला लढता येत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये तृतीयपंथी अंजली पाटील यांनी अशा जागेवर अर्ज भरला; निवडणूक अधिकाऱ्याने तो बाद केला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, ज्याच्या अखत्यारीत जालनाही येतो, जानेवारी २०२१ मध्ये त्यांना लढू दिलं आणि त्या निवडून आल्या. मात्र न्यायालयाने एक अट घातली होती: एकदा स्त्री म्हणून ओळख स्वीकारली की पुढे फायद्यासाठी पुरुष म्हणवून घेता येणार नाही.