बैलाच्या चालीनं आखलेली साखळी

पुण्याहून निघालेली गाडी आज चार-पाच तासांत कोल्हापूर गाठते. खंबाटकी, सुरूर फाटा, पाचवड, उंब्रज, कराड, पेठ नाका. वाटेत कुठंतरी चहा आणि मिसळ. दीडशे वर्षांपूर्वी बैलगाडीनं याच वाटेला आठवडा सहज जाई. दिवसाकाठी पंचवीस-तीस किलोमीटर, मग बैल सोडायचे.

आणि इथंच थक्क करणारी गोष्ट आहे. अमेरिकेत ‘मोटेल’ हा शब्द 1925 साली जन्मला. त्याच्या कितीतरी आधी आपल्या रस्त्यांवर सरकारनं मुक्कामांची साखळी उभी केली होती: डाक बंगले. सातारा संस्थान 1848 साली खालसा झालं, इंग्रजांनी मोठा रस्ता बांधला आणि शिरवळ, सातारा, कराड अशा ठिकाणी प्रवासी बंगले आले. दोन बंगल्यांमधलं अंतर ठरायचं ते जनावराच्या दमावर.

बंगल्याचा साचा ठरलेला. खोल व्हरांडा, उंच छत, दोन-तीन खोल्या, प्रत्येकीला न्हाणी, आणि धूर आत येऊ नये म्हणून लांब बांधलेलं स्वयंपाकघर. टांगा दिसला की खानसामा आवारातली कोंबडी धरायला धावायचा. तासाभरात तीच ताटात. भाडं ठरावीक, भिंतीवर नियम, टेबलावर तक्रारवही. किपलिंगनं तर अशाच एका बंगल्यावर भुताची गोष्ट लिहिली. ही सोय मुख्यतः गोऱ्या साहेबासाठी होती, हे विसरून चालणार नाही. वाटसरू शेतकऱ्याच्या वाट्याला धर्मशाळा, देऊळ, नाहीतर वडाची सावली.

1880च्या दशकात पुणे-मिरज रेल्वे आली, तीही रस्त्यापासून पूर्वेला, वाठार-कोरेगाववरून. महाबळेश्वरचे प्रवासी वाठारला उतरून टांग्यानं वाईमार्गे घाट चढू लागले. मग मोटार आली. पंचवीस किलोमीटर अर्ध्या तासात संपायला लागल्यावर मुक्काम करायचा कशाला?

अमेरिकेतल्या हॉवर्ड जॉन्सन या रस्त्याकाठच्या उपाहारगृहांच्या साखळीचं पुढं जवळपास असंच झालं. नारिंगी छपरं, आइस्क्रीमचे 28 स्वाद, भरात असताना अमेरिकाभर हजाराच्या आसपास उपाहारगृहं. शेवटचं 2022 साली बंद झालं. आपले बंगले मात्र मेले नाहीत. कारण त्यांना गिऱ्हाइकावर जगायचं नव्हतं. ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होते. त्यांची परंपरा शासकीय विश्रामगृहांनी पुढं चालवली.

1949 साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला, 1960 साली त्याचं नाव सांगली झालं, आणि यशवंतराव चव्हाण, वसंतदादा पाटील यांच्या या मुलखात ‘रेस्ट हाऊस’ला नवं काम मिळालं. साताऱ्यात, कराडात, इस्लामपुरात, सांगलीत पत्रकार परिषद इथं, इच्छुकांच्या मुलाखती इथं. उसाच्या दरासाठी आलेलं शिष्टमंडळ व्हरांड्यात उभं, आत मंत्र्यांसाठी चहाचा ट्रे. मला ही दुसरी कारकीर्द पहिलीपेक्षा जास्त भावते, कारण ज्या व्हरांड्यावर कधी फक्त साहेब बसायचा, तिथं आता टोपीवाला शेतकरी मोठ्यानं बोलतो.

एक नियम मात्र उलटा झाला. पूर्वी चोवीस तास झाले की आधीच्या पाहुण्यानं नव्या वाटसरूला खोली सोडायची, हुद्दा कोणताही असो. आज आरक्षण खात्याकडून घ्यावं लागतं, आणि मंत्र्यांचा दौरा लागला की आपली खोली जाऊ शकते.